पुढे जाणारं घड्याळ

भिंतीत भोक पाडायला बाबूला दीड मिनिट लागतं. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काँक्रीटमध्ये बोल्ट ठोकणारा माणूस तो, घरातल्या भिंतीचं त्याला काय कौतुक? पण त्या रविवारी दुपारचे चार वाजले तरी तो ड्रिल पोटाशी धरून बाळाच्या खोलीच्या दारात उभाच होता. आत बाळ नुकतंच झोपलेलं. बाहेर चार बायका. आणि चौघींपैकी कुणाचं ऐकायचं, हे कोडं काही त्याला सुटत नव्हतं.

"पाड की रे," त्याची आई म्हणाली. "उठली तर उठली. सहाशिवाय तिला पाजायचं नाहीच आहे."

"आई, हे मशीन केवढ्यानं वाजतं माहितीये का? खालच्या मजल्यावरचे काठी घेऊन वर येतील."

"मग हातोडीनं खिळा ठोक."

"टोल्याचं घड्याळ आहे ते. सहा किलो. खिळ्यावर टांगायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

ते घड्याळ जेवणाच्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर आडवं ठेवलेलं होतं. बाबूच्या आजोबांनी, म्हणजे घड्याळजींनी, स्वतःच्या हातांनी त्याचं टोल्याचं चाक कापून घेतलं होतं. त्यामुळे ते दर तासाला वाजत नसे. सहा, दहा आणि दोन, एवढेच त्याचे टोले. बाळाला पाजायच्या वेळा. घराण्यात मूल जन्मलं की "तीन महिने लाड, मग घड्याळ" हा त्यांचा नियम, आणि घड्याळजी जाऊन बत्तीस वर्षं झाली तरी तो नियम काही गेला नव्हता. टोलेबाईंना परवाच तीन महिने पूर्ण झाले. टोलेबाई म्हणजे बाबूची लेक. बरोबर बाराच्या ठोक्याला जन्मली म्हणून दवाखान्यातच हे नाव पडलं, आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

घड्याळाच्या पेटीचं दार उघडलं की आतल्या बाजूला एक पिवळा पुठ्ठा चिकटवलेला दिसे. घड्याळजींचं बारीक, टोकदार अक्षर.

"बाळास सहा, दहा, दोन, सहा, दहा असे पाजावे. मध्ये नाही. रडले म्हणून उचलू नये, रडण्याने फुफ्फुसे बळकट होतात. पाजल्यावर उभे धरून ढेकर काढावी. आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे. नखे झोपेत कापावीत."

शेवटच्या तीन ओळी सोन्यासारख्या होत्या. तीन पिढ्यांनी करून बघितल्या आणि तिन्ही खऱ्या निघाल्या. त्यांच्या जिवावरच वरच्या दोन ओळी इतकी वर्षं तगल्या होत्या.

"माझी दुपारची झोप सोडून मी आलेय," बाबूची मावशी म्हणाली. हिची बेकरी. पहाटे साडेतीनला उठायचं, बाराला पाव संपवायचे, असं तिचं आयुष्य. "उद्याची कणीक भिजवायचीय मला. लवकर आटपा."

"बघा, घाई ती घाईच," थोरली, म्हणजे बाबूची आई, म्हणाली, आणि दोघी बहिणी हसल्या.

घाई हे तिचं घरातलं नाव. ती तान्ही असताना हे घड्याळ पुढे जायचं, रोज अर्धा तास, पाऊण तास. घड्याळजींनी ते तेरा वेळा उघडलं. दुकानात नेलं की आठ-आठ दिवस सेकंदभर चुकायचं नाही, घरी आणलं की पुन्हा पुढे. घड्याळजीच्या घरचंच घड्याळ बिघडलेलं म्हणून गिऱ्हाइकं टिंगल करायची. शेवटी त्यांनी हात टेकले. "पोरगीच घाईची आहे," असं म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरलीच्या वेळी मात्र घड्याळ अगदी बरोबर चालायचं. थोरली म्हणूनच इतकी शिस्तीची, असं सगळे म्हणायचे. तिचाही त्यावर विश्वास होता.

बाबूची बायको, म्हणजे सूनबाई, सोफ्याच्या कडेला बसली होती आणि पर्स मांडीवर धरून होती. स्वतःच्या घरात पर्स मांडीवर कोण धरतं? पण त्या पर्समध्ये दोन कागद होते आणि ते बाहेर काढायचं धाडस तिला शुक्रवारपासून होत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दिवसभरात शंभर वेळा विचारायची, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" उत्तर ऐकायची सवय होती तिला, द्यायची नव्हती. आज तिची रजा संपत होती, उद्यापासून बाळाला सासूबाई सांभाळणार होत्या. गेले दोन आठवडे सासूबाई रोज सकाळी यायच्या, सराव म्हणून. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून "आता", "आता नाही" सांगायच्या. बाळ रडायला लागलं की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या. भांडी नसली तरी नळ सोडायच्या. पाणी नुसतं वाहत राहायचं, बाळ रडत राहायचं, आणि सूनबाई बाळाच्या खोलीच्या दारात उभी राहून दोन्ही ऐकत राहायची.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सांग ना," थोरली म्हणाली.

सूनबाईनं पहिला कागद काढला. बाळाच्या वजनाचं कार्ड. "दोन आठवड्यांत नव्वद ग्रॅम वाढलंय. फक्त नव्वद. निदान तीनशे तरी हवं होतं. सिस्टर म्हणाल्या, काय करता काय तुम्ही? मी सांगितलं चार-चार तासांनी पाजते. तर त्यांनी पेनच खाली ठेवलं."

बाबूनं ड्रिल खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस?"

खरंच, काय केलं असतं? बाबूनं टेबलाच्या कडेवरचा रंगाचा एक पोपडा नखानं काढला. सूनबाई पुढे म्हणाली, "त्या म्हणाल्या, बाळ मुठी चोखतं, मान इकडेतिकडे वळवून तोंड उघडतं, तेव्हाच पाजायचं. रडेपर्यंत थांबायचंच नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते. तोवर उशीर झालेला असतो."

"या आजकालच्या सिस्टर," थोरली म्हणाली. तिला राग नव्हता आला. नवशिक्या कारकुनाला फॉर्म कुठे भरायचा ते सांगावं तसं ती सांगत होती. टपाल कचेरीत तीस वर्षं तिनं तेच केलं होतं. "आज एक सांगतात, उद्या दुसरं. आमच्या वेळी नव्हतं का वजन? बाबू वाढला नाही? हा बघ, दारात मावत नाही."

"तेव्हाचं मला माहीत नाही, आई. ही वाढत नाहीये."

"महिनाभर कळ काढ. सुरुवातीला सगळीच रडतात. मग शहाणी होतात. हा नाही झाला शहाणा? चौथ्या महिन्यात याचं रडणं बंद. शेजारीपाजारी विचारायचे, मूल आहे ना हो घरात?"

"आणि ही!" घाईला गप्प बसणं जमतच नव्हतं, आणि वातावरण हलकं करायची तिची एकच तऱ्हा होती, जुन्या गोष्टी. "सूनबाई, तुला थोरलीच्या मनगटाची गोष्ट माहितीये का? चार-साडेचार वर्षांची होती. दुपारी जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. मोडलं म्हणजे हाड वाकलं! पण तोंडातून चकार शब्द नाही. कोपऱ्यात हात धरून बसून राहिली. सहाचे टोले पडले, तेव्हा उठून आईकडे गेली आणि म्हणाली, 'आता सांगू?'"

घाई हसली. थोरलीही हसली आणि तिनं डावं मनगट वर करून दाखवलं. ते अजून जरासं वाकडं होतं. ही गोष्ट घरात पन्नास वेळा सांगून झाली होती, आणि प्रत्येक वेळी थोरलीची मान थोडी ताठ व्हायची.

सूनबाई हसली नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली चौथी बाई, घड्याळजींची बायको, तीही हसली नाही. पण ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती, काठीवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसायची, आणि ती हसली की नाही हे सध्या कुणी बघत नसे.

सूनबाईनं दुसरा कागद काढला. "हा पाळणाघराचा फॉर्म आहे. कोपऱ्यावरचं. मी भरलाय. घड्याळ लावणार असाल तर उद्या सकाळी मी तिला तिथे ठेवून कामावर जाईन."

मग थोरली बोलली, आणि आवाज एकदम बारीक झाला होता तिचा. "म्हणजे मी नको."

"तुम्ही नको असं नाही, आई."

"निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं मी वाट बघतेय. बाबूचे वडील गेल्यापासून त्या घरात माझ्याशी बोलायला भिंती आहेत. आणि परक्या बायकांकडे देणार तुम्ही तिला? बाबू, तू बोल."

बाबूची इकडे आड तिकडे विहीर. "आपण जरा मधला मार्ग काढू," तो म्हणाला. "म्हणजे तीन तासांनी..."

"गप रे," घाई आणि सूनबाई एकदमच म्हणाल्या.

त्याच वेळी आत बाळ उठलं.

आधी कुरकुर, मग एक लांब श्वास, मग रडणं. सगळ्यांची डोकी टेबलावरच्या घड्याळाकडे वळली, जे चालूसुद्धा नव्हतं. मग थोरलीनं मनगटाकडे पाहिलं. "साडेचार. दीड तास आहे अजून," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला.

सूनबाई उठली. घाईनं तिचा हात धरला. "बस गं जरा. ती चिडलीय. आता उचललंस तर कायमची तेढ बसेल."

"हात सोडा, मावशी."

"सूनबाई, आण तिला," खिडकीपासून आवाज आला. "इथे आणून पाज. माझ्यासमोर."

नळाच्या आवाजातूनच थोरली ओरडली, "आई, तू मधे पडू नकोस!"

"नळ बंद कर आणि बाहेर ये. मला सांगायचंय." म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली. एवढा जोर तिच्यात शिल्लक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःला तर नाहीच.

खरं तर ती सकाळपासून मनाशी म्हणत होती, आज नको. घड्याळ टांगतील, घरी जातील, मी काय आता किती दिवसांची? जिथे सत्तावन्न वर्षं मूग गिळून बसले तिथे आणखी चार दिवस. पण ते नव्वद ग्रॅम तिच्या कानातून जाईनात. आणि ती मनगटाची गोष्ट. प्रत्येक वेळी ती गोष्ट निघाली की तिला उठून जावंसं वाटायचं, आणि उठता यायचं नाही.

सूनबाई बाळाला घेऊन आली, सोफ्यावर बसली, पदराआड घेतलं. रडणं थांबलं. थोरली दारात उभी राहिली, हात ओले, हाताची घडी.

"घड्याळ बिघडलेलं नव्हतं," म्हातारी म्हणाली.

"कुठलं घड्याळ?"

"हेच. घाईच्या वेळी. ते कधीच पुढे जात नव्हतं. मी ढकलत होते."

कुणाला काही कळेना. तिनं उजव्या हाताचं बोट हवेत धरून वळवून दाखवलं. "असं. स्टुलावर चढायचं, काच उघडायची, मिनिटकाटा पुढे सारायचा. सव्वानऊला ही रडायला लागली की मी काटे दहावर न्यायची. टोले पडायचे. पलीकडच्या खोलीत सासूबाई. टोल्याशिवाय मूल उचललं तर रात्री यांच्या कानावर जायचं. टोले पडले की त्यांना वाटायचं, वेळ झाली. आणि मी हिला घ्यायची."

"मग नंतर काटा मागे का नाही आणला?" बाबूनं विचारलं. लिफ्टवाला शेवटी. यंत्र म्हटलं की त्याला प्रश्न पडणारच.

"टोल्याचं घड्याळ मागे फिरवायचं नसतं," थोरली आणि घाई एका सुरात म्हणाल्या. लहानपणी दुकानात शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. म्हणून झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आतलं मोडतं," म्हातारी म्हणाली. "म्हणून ते पुढेच राहायचं. हे घरी यायचे, बघायचे, डोकं धरायचे. तेरा वेळा उघडलं त्यांनी. मी चहाचा कप शेजारी ठेवायची आणि काही बोलायची नाही."

"म्हणजे मी घाईची नव्हतेच," घाई म्हणाली. थट्टा करावी म्हणून तिनं तोंड उघडलं होतं. पुढचं वाक्य तिला सापडलं नाही. सत्तावन्न वर्षं ती ज्या नावानं हाक मारली की वळून बघत होती, ते नाव म्हणजे आईचं बोट होतं. लबाडी होती, तिच्यासाठी केलेली. तिला आतून बरं वाटलं, अगदी ऊबदार, आणि लगेच तिची नजर बहिणीच्या मनगटाकडे गेली. तिला स्वतःची लाज वाटली. ती गोष्ट आपण किती वेळा हसत सांगितली!

थोरलीनं तोच हिशेब मनात केला असावा. ती अजून दारातच होती. "आणि माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी नाही."

"का?"

"एकवीस वर्षांची होते मी. पहिलंच मूल. सगळे म्हणाले असंच करायचं असतं, मी केलं. तू महिन्याभरात रडायची थांबलीस. सगळे म्हणाले गुणी आहे. मलाही वाटलं गुणी आहेस." म्हातारी थांबली. तिला दम लागला होता. "मग तू जिन्यावरून पडलीस. चार तास कोपऱ्यात बसलीस. मी तिथेच होते गं, दहा पावलांवर, भाजी निवडत. टोले पडल्यावर येऊन विचारलंस, आता सांगू? तेव्हा घाई पोटात होती. त्या दिवशी मी ठरवलं."

"मी त्या गोष्टीचा अभिमान बाळगत होते," थोरली म्हणाली.

"माहितीये."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझा अभिमान मोडवेना."

"आणि बाबूच्या वेळी? आई, बाबूच्या वेळी तर तू माझ्या घरी दोन महिने राहायला होतीस. मी त्याला रडत ठेवायची आणि तू समोर बसून लोकर विणायचीस. एक शब्द बोलली नाहीस. एक!"

म्हातारीची खरी दुखरी जागा ही होती. बाकीचं सगळं तिनं मनात इतक्या वेळा घोळवलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. हे नाही.

"तुझे बाबा तेव्हा आजारी होते," ती म्हणाली. "हात कापायचे. तरी बाबूसाठी त्यांनी हे घड्याळ शेवटचं उघडलं. तुझ्या घरी टांगलं आणि ते बरोबर चाललं. सेकंदसुद्धा इकडेतिकडे नाही. चालणारच ना, तू त्याला हात लावत नव्हतीस. पण त्यांना वाटलं, जमलं. अखेर जमलं. मला म्हणाले, बघ, जायच्या आधी सुधारलं एकदाचं. दवाखान्यात जो येईल त्याला सांगायचे. मी कशी सांगू? मी तुला खरं सांगितलं असतं तर तू त्यांना विचारलं असतंस. तू तशीच आहेस."

"एका घड्याळासाठी."

"त्यांच्यासाठी."

"आणि आम्ही कोण होतो? मी आणि बाबू?"

"चुकलं माझं," म्हातारी म्हणाली. "ते वर्षभरानं गेले, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण तोवर बाबूही रडायचा थांबला होता. म्हटलं, आता सांगून काय उपयोग? रोज म्हटलं. बत्तीस वर्षं."

"आई, अगं मला कुठे काय आठवतंय," बाबू म्हणाला. बिचाऱ्याला खरंच वाटलं, आपण हे बोललो की सगळं मिटेल. "मी धडधाकट आहे. खातोय, पितोय."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. हा तिचा मुलगा. शाळेत कुणी मारलं तर सांगायचा नाही. वडील गेले तेव्हा त्यानंच सगळी धावपळ केली आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मागच्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात पाय मुरगळला तर तीन दिवस तसाच कामावर गेला, सूनबाईला मोजा काढताना कळलं. "कुणाला त्रास नाही देत माझा बाबू," असं थोरली सगळीकडे सांगायची. परवाच टपालातल्या मैत्रिणींना सांगितलं होतं.

ती पुढे आली आणि टेबलापाशी खुर्चीवर बसली. घड्याळाकडे पाठ करून.

"मी किती वेळ रडायचे?" तिनं विचारलं.

"नको गं, थोरले," घाई म्हणाली.

"तू थांब. आई, मी किती वेळ रडायचे?"

"एक तास बावीस मिनिटं," म्हातारी म्हणाली. "सगळ्यात जास्त ते. एरवी चाळीस, पंचेचाळीस."

"मोजलंस तू?"

"खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. समोर घड्याळच होतं. दुसरीकडे बघायला काही नव्हतं."

थोरलीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तेवढंही केलं नाही. मी नळ सोडायची. मला ऐकवायचंच नाही. बाबू किती वेळ रडायचा ते मला माहीतच नाही."

सूनबाईनं मान वर केली. दोन आठवडे त्या नळावर ती मनातल्या मनात चरफडत होती. पाणी वाया घालवतात, निर्दय आहेत, कानावर हात ठेवून मोकळ्या होतात. आज तिला कळलं की त्या बाईनं नळ कशापासून वाचायला सोडला होता. तिच्या मनातला राग गेला असं नाही, पण तो आता कुठे ठेवावा हे तिला समजेना.

बाळाचं पिऊन झालं होतं. तिनं पदर सावरला, उठली, आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"ढेकर काढायचीय. घ्या, आई."

ते थोरलीला येत होतं. घड्याळजींच्या पुठ्ठ्यावरची तिसरी ओळ. तिनं बाळाला खांद्यावर उभं धरलं, मानेखाली हात दिला, पाठीवर खालून वर थोपटलं. ढेकर आली. आणि ढेकर आल्यावर, काय बिनसलं कोण जाणे, बाळानं पुन्हा रडायला सुरुवात केली. थोरलीच्या कानाशीच.

थोरली उठली आणि सवयीनं बाळाच्या खोलीकडे वळली. पाळण्यात ठेवायचं, दार लोटायचं, निघून यायचं. तीन पावलं गेली आणि थांबली.

"रडतेय," ती म्हणाली.

"हं," सूनबाई म्हणाली.

"आता काय करतात?"

बासष्ट वर्षांची बाई, एक मुलगा वाढवून मोकळी झालेली, खोलीच्या मध्यावर रडतं मूल खांद्यावर घेऊन उभी होती आणि तिला खरंच माहीत नव्हतं. कुणाला हसू आलं नाही. बाबू भिंतीकडे तोंड करून ड्रिलची वायर गुंडाळू लागला, खूप घट्ट गुंडाळू लागला.

"काही नाही करायचं," सूनबाई म्हणाली. "दूध झालंय, लंगोट कोरडा आहे. नुसतं धरून ठेवायचं. जरा फिरायचं. थांबली तर थांबली, नाही तर आपण आहोत एवढं तिला कळतं."

थोरली फिरायला लागली. टेबलाला वळसा, सोफ्याला वळसा. बाळ काही थांबेना. खिडकीपाशी आईच्या खुर्चीसमोरून जाताना तिनं आईकडे बघितलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. म्हातारीचा हात काठीवरून जरासा उचलला गेला होता, तो तिनं परत खाली ठेवला.

सूनबाईनं पाळणाघराचा फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला. फाडला नाही. "उद्या साडेनऊला निघते मी," ती बाबूला म्हणाली. "काढलेलं दूध फ्रिजमध्ये असेल. गरम पाण्यात बाटली धरून कोमट करायचं, गॅसवर नाही. आईंना आठच्या आत यायला सांग, मला दाखवायचंय."

"सांगतो," बाबू म्हणाला. मग त्यानं टेबलावरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळलं, आणि कुठे ठेवावं हे न कळून ते हातात घेऊन उभा राहिला.

थोरली बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेली. घाईनं श्वास रोखला. म्हातारीनंही कान दिला. सगळ्यांना तेच वाटलं, आता नळाचा आवाज येणार.

नळाचा आवाज आला नाही. बाळाचं रडणं येत होतं, आणि त्याच्याखाली थोरलीचा आवाज. आधी शब्द कळत नव्हते, पुटपुटल्यासारखं काहीतरी. मग ती भिंतीजवळ आली असावी, कारण बाहेर स्पष्ट ऐकू आलं.

"सांग," ती बाळाला म्हणत होती. "सांग, सांग. आत्ताच सांग गं."